इंटेल आणि एम१, दोन्ही मॅकवर चालणारं एकच अॅप कसं बनवायचं

कोड सगळा स्वतःचा असेल तर सीमेक या बिल्ड टूलच्या आर्किटेक्चर सेटिंगमध्ये एआरएम६४ (अॅपलच्या एम१ चिपसाठी) आणि एक्स८६_६४ (इंटेलसाठी) दोन्ही टाका, बिल्ड मारा, विषय संपला. नेटवरचे बहुतेक सल्ले इथेच थांबतात आणि खरी डोकेदुखी इथूनच सुरू होते.

बाहेरची एक जरी लायब्ररी असेल तर होमब्रूची (मॅकवर लायब्ररी इन्स्टॉल करायचं टूल) तयार फाइल चालत नाही, कारण ती एकाच प्रोसेसरची असते. एम१वाल्या मशीनवर 'ऑप्ट'मधल्या होमब्रू फोल्डरमध्ये फक्त एआरएमचीच मिळणार. मग लिंकर, म्हणजे सगळे तुकडे जोडून अॅप बनवणारा प्रोग्राम, 'इग्नोअरिंग फाइल' म्हणतो आणि खाली अनडिफाइन्ड सिम्बॉलची, म्हणजे न सापडलेल्या फंक्शनच्या नावांची, रांग लावतो. लोक त्या रांगेवर डोकं फोडत बसतात, अरे वरची वॉर्निंग वाचा ना आधी!

लायब्ररी सोर्सवरून दोनदा बिल्ड करा, दोन वेगळ्या फोल्डरमध्ये, आणि मग लिपोने (दोन प्रोसेसरच्या फाइली एकत्र करणारी कमांड) जोडा. दोन्ही प्रोसेसरचे फ्लॅग एकदम देऊन कॉन्फिगर (बिल्डआधी मशीन तपासणारं स्क्रिप्ट) चालवायचा शॉर्टकट नको, ते एकाच प्रोसेसरची उत्तरं हेडरमध्ये लिहून ठेवतं आणि दुसऱ्याचा कोडही त्याच उत्तरांवर बनतो.

माझी फजिती सांगतो. मेन बायनरी जोडली, लिपोला विचारलं, त्याने दोन्ही नावं दाखवली, मी खूश. सांगलीला मेव्हण्याच्या जुन्या इंटेल मॅकबुकवर पाठवलं तर डॉकमध्ये आयकॉन एकदा उडी मारून गायब. अॅपच्या फ्रेमवर्क्स फोल्डरमधल्या डायलिब (अॅप चालताना लोड होणाऱ्या लायब्ररी) मी फक्त एआरएमच्या बिल्डमधून कॉपी केल्या होत्या! तेव्हापासून बंडलमधली, म्हणजे अॅपच्या फोल्डरमधली, प्रत्येक फाइल, प्लगिनसकट, लिपोने तपासतो, आणि ओटूल -एल ही कमांड मारून अॅप लायब्ररी कुठून उचलतं तो पाथही बघतो, कारण होमब्रूचा पाथ आत राहिला तर अॅप तुमच्याकडे मस्त चालतं आणि दुसऱ्याकडे बोंब.

असा पाथ इन्स्टॉल-नेम-टूल या कमांडने बदला.

साइन, म्हणजे अॅपवर डिजिटल सही, सगळ्यात शेवटी. आधी साइन करून नंतर फाइलला हात लावला तर सही मोडते आणि एम१ बिनसहीचा एआरएम कोड चालवतच नाही, टर्मिनलवर नुसतं 'किल्ड: ९' येतं. कारण काहीच सांगत नाही, माझी एक अख्खी रात्र यातच गेली.

इंटेल बाजूच्या टेस्टला रोझेटा (एम१वर इंटेलचा कोड चालवणारं अॅपलचं सॉफ्टवेअर) चालतो, टर्मिनलमध्ये आर्च कमांडला एक्स८६_६४ द्या. पण रिलीजआधी एक खरं इंटेल मशीन शोधाच, मेव्हण्याचं असलं तरी चालेल.