ब्लॉक घेतला का?

दात काढूनही मामांची हिरडी भरेना, उलट मांस वाढत गेलं. बायोप्सीत लिम्फोमाची, म्हणजे लसिकापेशींच्या कॅन्सरची, शंका. मामा एआरटीवर (एचआयव्हीच्या गोळ्यांवर), तेव्हा प्लाझ्माब्लास्टिक हा त्यातला प्रकार असू शकेल, मुंबईला दाखवा, असं इथले डॉक्टर म्हणाले. सोलापूरहून सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून पोचलो. डॉक्टर बाईंनी विचारलं, "ब्लॉक आणलाय?" मी रिपोर्ट पुढे केला. "हा कागद झाला. ब्लॉक?" परत सोलापूर. नऊ दिवस फुकट गेले, आणि तेवढ्यात गाल बाहेरून फुगलेला दिसायला लागला.

तर आधार, जुने रिपोर्ट, एआरटीचं पुस्तक हे सांगायला नको. ब्लॉक घ्या. ब्लॉक म्हणजे काडेपेटीहून लहान प्लास्टिकची चौकट, पांढऱ्या मेणात तोंडातला तुकडा बसवलेला. त्याचेच नवे काप काढून पुढच्या तपासण्या करतात. १९९७ साली प्लाझ्माब्लास्टिक लिम्फोमाचं पहिल्यांदा वर्णन झालं तेव्हा १६ पैकी १५ रुग्ण एचआयव्हीचे होते. बी-पेशींचा (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) असूनही यात सीडी-२० ही त्या पेशींवरची नेहमीची खूण बहुधा निगेटिव्ह येते. सीडी-१३८ (पेशीवरची दुसरी खूण) आणि ईबीईआर (ईबी विषाणूची तपासणी) केल्याशिवाय उलगडा होत नाही, आणि रिटुक्सिमॅब हे औषध द्यायचं की नाही तेही सीडी-२० वरच ठरतं. नुसत्या रिपोर्टात हे कुठून येणार?

लॅबमध्ये अर्ज द्यावा लागतो. "उद्या या" म्हणतील, म्हणून तिकीट काढायच्या आधी जा. स्लाइड्स (तुकड्याचे काप लावलेल्या काचपट्ट्या) देऊन बोळवण करतील. स्लाइड्स घ्या, पण ब्लॉकही मागा. चौकटीवरचा नंबर रिपोर्टशी तिथेच ताडून बघा. गाडीत काचेजवळ उन्हात ठेवू नका, मेण आहे ते.

बायोप्सी अजून व्हायची असेल तर सूज उतरावी म्हणून स्वतःच्या मनाने स्टिरॉइड घेऊ नका, निदानच बिघडतं. एआरटीच्या गोळ्यांची नावं लिहून न्या. रिटोनाव्हिर असेल तर आधी तेच सांगा, व्हिन्क्रिस्टिन या केमोच्या औषधाशी त्याचं जमत नाही. गोळ्या स्वतःहून बंद करू नका. टेनोफोव्हिर चालू असेल आणि हिपॅटायटिस बी असेल, तर तीच गोळी तो दाबून ठेवत असते.

पुढच्या पेट-सीटी, एलडीएच, सीडी-४, पाठीतलं पाणी वगैरे तपासण्या तिकडचे लोक करून घेतात. केमोआधी दात दाखवा. खायला पेज, मऊ भात. राहायची सोय आधी बघा.

आणि गाडी सुटायच्या आधी पिशवीत हात घालून बघा, ब्लॉक आहे का.