एआयकडून कमिट करून घेताना: नव्याने कामाला लागलेल्यांसाठी

आमच्या टीममध्ये येणाऱ्या फ्रेशर्सच्या लॅपटॉपवर आता पहिल्या आठवड्यातच क्लॉड कोड, कोपायलट किंवा कर्सर यांपैकी कोड लिहून देणारं एखादं एआय साधन असतं. 'झालेले बदल कमिट कर' एवढं सांगितलं की फायली स्टेज होतात (नोंदीसाठी निवडल्या जातात), नीटनेटका संदेश लिहिला जातो, कमिट होते, म्हणजे कोडचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमध्ये त्या बदलांची नोंद होते. मी स्वतः रोज असंच काम करतो आणि नव्यांनीही करावं या मताचा आहे. पण या साधनाला काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे सुरुवातीलाच कळायला हवं.

त्याला डिफ, म्हणजे जुन्या-नव्या कोडमधला फरक, दिसतो. कुठली ओळ गेली, कुठली आली, हे ते आपल्यापेक्षा लवकर सांगतं. ती ओळ का बदलली हे मात्र बहुतेक वेळा कोडमध्ये नसतंच. ते तिकिटात (कामाच्या नोंदीत) असतं, ग्राहकाच्या फोनमध्ये असतं, चहाच्या वेळी झालेल्या बोलण्यात असतं.

बिलिंगच्या कामातलं एक उदाहरण घ्या. जावास्क्रिप्टमधल्या अनेक कॅलेंडर-विजेट्समध्ये १ एप्रिल ही तारीख निवडली की भारतीय वेळेनुसार त्या दिवशीची मध्यरात्र धरली जाते. ती 'टूआयएसओस्ट्रिंग' या फंक्शनमधून काढली की यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत जाते, म्हणजे साडेपाच तास मागे: ३१ मार्च, १८:३०. त्यातला तारखेचा भाग कापून घेतला की बिल थेट मागच्या आर्थिक वर्षात जातं. दुरुस्ती दोन ओळींची. त्यावर एआयने सुचवलेला संदेश होता, 'इनव्हॉइस मॉड्यूलमधलं डेट फॉरमॅटिंग सुधारलं'. चूक काहीच नाही त्यात. पण सहा महिन्यांनी कोणी 'गिट ब्लेम' (कुठली ओळ कोणी, कधी बदलली हे दाखवणारी कमांड) लावून त्या ओळीपाशी आलं, तर हे वाचून हाती काय लागणार? कदाचित 'हा कोड उगाच किचकट केलाय' म्हणून ते पुन्हा जुनंच लिहितील. म्हणून संदेश मागण्याआधी दोन वाक्यं सांगा: '१ एप्रिलची बिलं ३१ मार्चला पडत होती, कारण तारीख यूटीसीत बदलत होती. आता स्थानिक तारीखच ठेवली आहे.' एवढ्यावर ते उत्तम संदेश लिहून देतं. पहिली ओळ साधारण ५० अक्षरांत, मग एक ओळ रिकामी, मग सविस्तर कारण, हा रिवाज त्याला ठाऊक असतो. कारण पुरवणं आपल्याकडे.

चांगले संदेश कसे असतात हे बघायचं असेल तर लिनक्स कर्नलचा, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, कमिट-लॉग वाचा. गिट २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने कर्नलच्याच कामासाठी लिहिलं. तिथे एका ओळीच्या दुरुस्तीवर तीन-तीन परिच्छेदांचं स्पष्टीकरण सापडतं. माझ्या मते कुठल्याही कोर्सपेक्षा हे वाचन जास्त शिकवतं.

दुसरी गोष्ट, कमिटमध्ये काय जातंय. 'सगळं कमिट कर' म्हटलं की सगळंच जातं: तपासणीसाठी टाकलेले कन्सोल लॉग, फॉरमॅटरने हलवलेल्या शेकडो ओळी, आणि गिटने वगळायच्या फायलींच्या (इग्नोर) यादीत नसेल तर पासवर्ड असलेली एन्व्ह फाइलसुद्धा. ती पुढच्या कमिटमध्ये काढली तरी इतिहासात राहतेच. पुश झाली असेल, म्हणजे सगळ्यांच्या सर्व्हरवर गेली असेल, तर तो पासवर्ड आधी बदलावा लागतो. म्हणून कमिटमध्ये जाणारे बदल दाखवणारं 'गिट डिफ --स्टेज्ड' स्वतः वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. एकाच फाइलमध्ये दोन कामं मिसळली असतील तर 'गिट ॲड -पी'ने तुकडे वेगळे करता येतात. हे हाताने करून बघाच, कंटाळवाणं वाटलं तरी. एका कमिटमध्ये एकच काम असेल तर 'गिट बायसेक्ट' बिघाड नेमक्या कमिटपर्यंत आणून सोडतं आणि 'रिव्हर्ट' करताना (एखादी कमिट उलटवताना) बाकीचं काम वाहून जात नाही. एडरसारखं एआय साधन मूळ सेटिंगमध्ये प्रत्येक बदलानंतर स्वतःच कमिट करतं. तिथे रिव्ह्यूला पाठवण्याआधी त्या सगळ्या कमिट एकत्र जुळवून घ्याव्या लागतात.

नावाचा प्रश्नही येतो. क्लॉड कोड मूळ सेटिंगमध्ये संदेशाखाली सहलेखक म्हणून स्वतःची ओळ जोडतं. ती ठेवायची की नाही हे टीमला विचारा, परस्पर ठरवू नका. कर्नलच्या नियमांत एआयने 'साइन्ड-ऑफ-बाय' ही ओळ लिहायची नाही, असं स्पष्ट आहे. ती ओळ म्हणजे कोड देण्याचा अधिकार असल्याची ग्वाही, आणि ती माणसानेच द्यायची. मला हा नियम फार पटतो. रिव्ह्यूमध्ये 'हे का बदललंस?' असं विचारल्यावर 'एआयने केलं' हे उत्तर चालत नाही, चालूही नये.

टीमचे नियम, म्हणजे संदेशाचा साचा, तिकीट क्रमांक, कुठल्या फायलींना हात लावायचा नाही, हे प्रोजेक्टमधल्या सूचनांच्या फाइलमध्ये एकदा लिहून ठेवा. 'विचारल्याशिवाय पुश करू नकोस' ही ओळ त्यात हवीच. पुश होईपर्यंत 'अमेंड' (शेवटची कमिट दुरुस्त करणं) किंवा 'रिसेट --सॉफ्ट'ने (बदल तसेच ठेवून कमिट मागे घेणं) सगळं निस्तरता येतं. सगळ्यांच्या ब्रँचवर गेलेला इतिहास मात्र सीनियरला विचारल्याशिवाय बदलायचा नाही, मग एआयने कितीही आत्मविश्वासाने फोर्स पुश (जुन्या इतिहासावर जबरदस्तीने नवा लादणं) सुचवलेलं असो.