त्रैक्य शिकताना कामांची वाटणी करू नका

ईश्वरविज्ञानाच्या वर्गात त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव ही ख्रिस्ती शिकवण, आलं की बहुतेकांचे पहिले काही आठवडे ‘तीन म्हणजे एक कसे’ या गणितात जातात. जाऊ द्यात, पण तिथे फार रेंगाळू नका. चौथ्या शतकातल्या लोकांपुढचा पेच वेगळाच होता. देव एकच, ही इस्राएलाची श्रद्धा त्यांना सोडायची नव्हती. आणि मंडळी (चर्च) तर येशूची भक्ती करत होती, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा देत होती. मग हा पुत्र नेमका कोण? अलेक्झांड्रियाचा एरियस म्हणाला, पुत्र सगळ्यांहून श्रेष्ठ, पण निर्माण केलेला. ३२५ साली निकेयाच्या परिषदेने उत्तर दिलं: जन्मलेला, निर्माण केलेला नव्हे, पित्याशी एकतत्त्व. हा वाद डोक्यात ठेवून मतांगीकार, म्हणजे परिषदेने ठरवलेलं श्रद्धेचं विधान, वाचा. जे शब्द नुसते पाठ होते, ते कुणाला आणि का सुनावले आहेत हे कळायला लागतं.

लहानपणापासून ऐकलेल्या, पाणी-बर्फ-वाफ अशा उपमा बाजूला ठेवा. त्यांतल्या बहुतेक मंडळीने नाकारलेल्या सबेलियस या शिक्षकाच्या दारात नेऊन सोडतात: देव एकच, तो फक्त तीन रूपांत दिसतो. मग यार्देन नदीत पुत्र उभा असताना, आत्मा उतरत असताना, ‘तू माझा प्रिय पुत्र आहेस’ असं आकाशातून कोण म्हणतं? याबद्दल सगळेच शिक्षक सावध करतात, म्हणून मी पुढे जाते.

ज्याबद्दल मला कुणी सावध केलं नाही, तो सापळा असा: पिता निर्माण करतो, पुत्र तारतो, आत्मा पवित्र करतो. तीन नावं, तीन कामं. ऐकायला किती सोपं, उत्तरपत्रिकेत किती नेटकं! मी या तक्त्यावर बराच काळ विसंबून होते, आणि तो निरुपद्रवी वाटतो हाच त्याचा धोका. कारण कामं वाटून दिली की हळूहळू देवही वाटले जातात. जुन्या कराराचा देव पिता, शुभवर्तमानांचा येशू, प्रेषितांच्या कृत्यांपासून पुढे आत्मा. तोंडाने एक देव म्हणायचं आणि मनात तीन खाती उघडायची.

शास्त्रलेख असा तक्ता टिकू देत नाहीत. निर्मितीचंच घ्या. योहानाच्या पहिल्या अध्यायात सगळं शब्दाच्या, म्हणजे पुत्राच्या, द्वारे झालं, आणि उत्पत्तीच्या दुसऱ्याच वचनात देवाचा आत्मा जलांवर आहे. आता पुनरुत्थान घ्या, आणि खरंच बायबल उघडून ही वचनं शेजारी-शेजारी ठेवा. गलतीकरांस पत्राच्या पहिल्याच वचनात पित्याने येशूला मेलेल्यांतून उठवलं. योहान २:१९ मध्ये येशू म्हणतो, हे मंदिर मोडा, मी ते उभारीन. आणि लगेच खुलासा येतो की तो आपल्या शरीराविषयी बोलत होता. रोमकरांस पत्र ८:११ मध्ये, ज्याने येशूला उठवलं त्याचा आत्मा तुमच्यात राहतो, आणि त्याच आत्म्याच्या द्वारे तुमची मर्त्य शरीरंही जिवंत केली जातील. सांगा आता, पुनरुत्थान तक्त्याच्या कुठल्या रकान्यात टाकणार?

चौथ्या शतकातला बिशप, निस्साचा ग्रेगरी, याने अब्लाबियस नावाच्या एकाला लिहिलेल्या छोट्या ग्रंथात हीच गाठ सोडवली आहे. तीन शेतकरी शेती करतात तेव्हा प्रत्येक जण आपापलं शेत नांगरतो, म्हणून आपण त्यांना तीन मोजतो. देवाचं काम तसं नाही. ते पित्यापासून निघतं, पुत्राच्या द्वारे चालतं, आत्म्यात पूर्ण होतं. तीन कृती नव्हेत, एकच कृती. पुढे लॅटिन ईश्वरविज्ञानी ऑगस्टीनही हेच ठामपणे धरतो: सृष्टीच्या संदर्भात त्रैक्याची कामं अविभक्त आहेत.

इथे लगेच शंका येते, आणि ती यायलाच हवी: मग वधस्तंभावर पित्यानेही दुःख भोगलं का? नाही. हे म्हणणाऱ्या प्राक्सियसला टर्टुलियन या लॅटिन लेखकाने तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीलाच झोडपलं होतं. देहधारी झाला तो पुत्रच. पण त्याला पाठवलं पित्याने, आणि मरियेवर आला तो पवित्र आत्मा. काम एक, त्या एका कामात तिघांचं असणं मात्र आपापल्या परीचं.

मग तिघांत भेद कशाचा? कामाचा नव्हे, सामर्थ्याचा नव्हे, वयाचा तर नव्हेच. भेद फक्त उगमाच्या नात्याचा. पिता कुणापासून नाही, पुत्र पित्यापासून जन्मलेला, आत्मा पित्यापासून निघणारा. एवढंच? हो, एवढंच. इतकं थोडं हाती येतं म्हणून घाबरू नका. कॅपॅडोशियाच्या बेसिल आणि निस्सा व नाझियान्झसच्या दोघा ग्रेगरींनीही यापलीकडे पाऊल टाकलं नाही. ३८१च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने आत्म्याबद्दल जे मांडलं, त्यामागे त्यांचीच मेहनत होती.

मार्गदर्शकाबद्दल माझं मत पक्कं आहे. पहिल्याच तासाला ‘हे गूढ आहे, प्रश्न नको’ म्हणणारा नको, आणि दहा मिनिटांत सगळं समजावून टाकणारा तर मुळीच नको. जो म्हणतो ‘वचन काढ, मोठ्याने वाच, आता सांग कोण कुणाशी बोलतंय’, त्याचा हात सोडू नका. त्रिकोणाची आकृती आणि सारांशाचे व्हिडिओ परीक्षेच्या आदल्या रात्री उपयोगी पडतील; समज त्यांनी येत नाही. ऑगस्टीनच्या पंधरा भागांच्या ग्रंथाने सुरुवात केलीत तर दम लागेल. आधी नाझियान्झसच्या ग्रेगरीची पाच ईश्वरविषयक प्रवचनं वाचा, मग निस्साचा ग्रेगरी, मग ऑगस्टीन.

वाद घालताना १ योहान ५:७ मधल्या ‘स्वर्गातल्या तीन साक्षीदारां’चा (पिता, शब्द आणि पवित्र आत्मा) आधार घेऊ नका. ते वाक्य प्राचीन ग्रीक हस्तलिखितांत नाही. इरॅस्मस या विद्वानाने छापलेल्या ग्रीक नव्या कराराच्या १५१६च्या आवृत्तीतही नव्हतं, १५२२च्या आवृत्तीत आलं. त्यावर त्रैक्य उभं केलंत तर समोरचा एका फटक्यात पाडेल. योहानाचे १४ ते १७ अध्याय पुरेसे भक्कम आहेत.

आणि आत्मा पुत्रापासूनही निघतो का, हा पूर्व-पश्चिम मंडळ्यांचा वाद पहिल्या सत्रात उघडूच नका. उगमाचं नातं म्हणजे काय हे वही न बघता सांगता येईपर्यंत त्यातली एकही बाजू धड कळत नाही.