पिरियड ड्रामाची लोकेशन्स ट्रेनने बघायला निघालात? या चुका टाळा

डाउनटन ॲबी या ब्रिटिश मालिकेचं लोकेशन बघायला जायचं म्हणजे एका ठिकाणी जायचं असं वाटत असेल तर पहिली चूक तिथेच होते. वाडा म्हणजे हॅम्पशरमधला हायक्लेअर कॅसल, गाव म्हणजे ऑक्सफर्डशरमधलं बॅम्प्टन, आणि ते जुनं गोड स्टेशन म्हणजे ससेक्समधलं हॉर्स्टेड कीन्स. तीन वेगळ्या काउंटी, तीन वेगळ्या दिशा, आणि मालिकेत मात्र सगळं यॉर्कशरमध्ये दाखवलंय. एका दिवसात तिन्ही होत नाहीत, कितीही पहाटे निघा. अजून एक, किचन आणि नोकरांचा खालचा मजला हा लंडनच्या ईलिंग स्टुडिओतला सेट होता, त्यामुळे ते शोधत हायक्लेअरच्या तळघरात उतरलात तर समोर इजिप्तचं प्रदर्शन येतं, कारण १९२२ साली तुतनखामनची कबर सापडली त्या खोदकामाला पैसा पुरवणारे लॉर्ड कार्नार्व्हन याच घरातले. मला तर ते प्रदर्शन खूप आवडलं, पण आधी माहीत असलं की हिरमोड होत नाही.

म्हणून आधी सीन ठरवा, मग तो नेमका कुठे शूट झाला ते बघा आणि मगच तिकीट काढा. १९९५ च्या बीबीसीच्या प्राइड अँड प्रेज्युडिस मालिकेतलं पेंबर्ली, म्हणजे नायक डार्सीचा वाडा, बाहेरून लाइम पार्क आहे, पण आतल्या खोल्या डर्बीशरमधल्या सडबरी हॉलच्या. २००५ च्या सिनेमातलं पेंबर्ली म्हणजे चॅट्सवर्थ. म्हणजे 'पेंबर्लीला जायचंय' एवढं म्हणून भागत नाही, कुठलं पेंबर्ली ते सांगावं लागतं. नावांचाही घोळ होतो, बॅम्प्टन नावाची गावं डेव्हन आणि कंब्रियातही आहेत, मॅपवर पहिलं आलं ते टॅप केलं की संपलं.

आता सगळ्यात मोठी चूक, आणि जवळजवळ सगळेच ती करतात: ट्रेनचा प्लॅन मिनिटामिनिटाचा आणि स्टेशनच्या पुढचा काहीच नाही. लंडन पॅडिंग्टनहून न्यूबरीला तासाभरात पोचता, पण हायक्लेअर तिथून अजून पाच-सहा मैल लांब आहे आणि त्यासाठी टॅक्सी लागते. जाताना मिळते हो, परत येताना पंचाईत होते, कारण घर बंद व्हायच्या वेळी सगळेच एकदम बाहेर पडतात. ज्या टॅक्सीने गेलात त्यालाच परतीची वेळ सांगून ठेवा, नंबर घ्या, आणि तो कागदावरही लिहा कारण अशा ठिकाणी मोबाइलला रेंज असेलच असं नाही. लॅकॉक या शूटिंगच्या गावासाठी चिपनमला उतरून बस, चॅट्सवर्थसाठी चेस्टरफील्डहून बस, आणि गावाकडच्या बसेस रविवारी कमी असतात किंवा नसतातच, शेवटची बस तर आपल्या अंदाजापेक्षा फार लवकर जाते.

लाइम पार्कचं डिझली स्टेशन मॅंचेस्टर-बक्स्टन लाइनवर आहे आणि 'स्टेशनपासून अर्धा मैल' असं वाचून मी आईला घेऊन गेले होते. ते अर्धा मैल गेटपर्यंत! गेटपासून घरापर्यंत अजून मैलभराच्या वर रस्ता, तोही चढाचा, आणि वारा असा की छत्री उघडायची सोय नाही. आई गुडघा धरून दर शंभर पावलांनी थांबत होती आणि मी प्रत्येक वळणावर 'आता दिसेल हं' म्हणत होते. शेवटी तळ्यापलीकडे ते घर दिसलं तेव्हा ती गवतावर बसली आणि दहा मिनिटं काही बोललीच नाही, फक्त बघत राहिली. मला ते अजून आठवतं. पण परत कुणाला घेऊन गेले तर घरापर्यंत जायची सोय आधी विचारून ठेवीन.

दुसरं म्हणजे बाग उघडी म्हणजे घर उघडं असं धरू नका. एका मोठ्या घराच्या बाबतीत मी नुसतं 'ओपन डेली' वाचून दोन गाड्या बदलून पोचले, बाग उघडी होती, चहाची खोली उघडी होती आणि घराच्या खिडक्यांना आतून लाकडी झडपा लावलेल्या. त्या दिवशी घर बंद असतं हे वेबसाइटवर वेगळ्या पानावर होतं. अशी वेळ आलीच तर चिडून परत फिरू नका, बरेच सीन बाहेरच शूट झालेले असतात, बागेतून मागच्या बाजूला चालत जा, कॅमेरा जिथे होता ती जागा बहुतेक सापडते. हायक्लेअर तर वर्षातले ठरावीक दिवसच उघडतं, तिथे आजही कार्नार्व्हन कुटुंब राहतं, तिकीट आधी काढावं लागतं आणि आत फोटो काढू देत नाहीत.

तिकिटांचं थोडक्यात. ॲडव्हान्स तिकीट स्वस्त असतं पण त्याच गाडीला चालतं, मध्येच उतरायची परवानगी नसते, त्यामुळे जाताना ॲडव्हान्स आणि येताना ऑफ-पीक (गर्दीच्या वेळा सोडून कुठल्याही गाडीला चालणारं) असं मी करते, घर बघताना घड्याळाकडे बघावं लागत नाही. आधीची गाडी लेट झाल्यामुळे पुढची चुकली तर लगेच नवीन तिकीट काढू नका, स्टाफला दाखवा, पुढच्या गाडीत बसू देतात, आणि उशीर बराच झाला असेल तर भरपाई मागता येते, तिकिटाचा फोटो काढून ठेवा. रविवारी लाइनवर कामं निघतात आणि ट्रेनऐवजी बस देतात, आदल्या रात्री एकदा चेक करा. काही गाड्या वाटेत दोन तुकड्यांत वेगळ्या होतात, तेव्हा आपला डबा कुठे जाणार तेही विचारून बसा.

हेरिटेज रेल्वे, म्हणजे जपून ठेवलेल्या जुन्या लाइन्स, हा वेगळा मामला. हॉर्स्टेड कीन्स ब्लूबेल रेल्वेवर आहे, ईस्ट ग्रिनस्टेडला नेहमीच्या ट्रेनने उतरून तिथेच बदलता येतं, पण नेहमीचं तिकीट पुढे चालत नाही आणि गाड्या रोज नसतात. कीथलीलाही तसंच, एकाच स्टेशनात दोन रेल्वे. तिथून वाफेच्या गाडीने ओकवर्थला जा, १९७० च्या द रेल्वे चिल्ड्रन सिनेमातलं स्टेशन, तिथे अजूनही गॅसचे दिवे आहेत. शक्यतो संध्याकाळकडची गाडी धरा. मात्र शेवटची नको, तिच्या आधीची, म्हणजे उतरून दिवे बघायला वेळ मिळतो आणि परतही येता येतं.

टॅक्सी, बस, चढ यातलं काहीच नको असेल तर बाथ शहर. बाथ स्पा स्टेशनला उतरून चालत वीस-पंचवीस मिनिटांत नंबर वन रॉयल क्रेसेंट, ब्रिजर्टन मालिकेतलं फेदरिंग्टन कुटुंबाचं घर, आणि उलट्या बाजूला होलबर्न म्युझियम म्हणजे लेडी डॅनबरीचं. पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी हेच सांगते, हायक्लेअर दुसऱ्या ट्रिपला ठेवा.