वेळासला कासवाची पिल्लं बघायला जाताना

फेब्रुवारी लागला की कोणी ना कोणी विचारतंच, रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला कधी जाऊ, उतरू कुठे, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय.

आधी तारखेचं. ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची मादी साधारण नोव्हेंबर ते मार्च रात्रीची किनाऱ्यावर येते, वाळूत शंभर-सव्वाशे अंडी घालते आणि पिल्लं निघायला ४५ ते ५५ दिवस लागतात, तेही वाळू किती तापलीय त्यावर. म्हणजे नक्की दिवस कोणीच सांगू शकत नाही. निघायच्या आदल्या दिवशी जिथे उतरणार त्या घरी फोन करून सरळ विचारा, काका आज पिल्लं निघाली का. आणि दोन रात्री राहाच. राखलेल्या अंड्यांतून निघालेली पिल्लं कार्यकर्ते सकाळी सातच्या सुमारास आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास समुद्राकडे सोडतात, संध्याकाळच्या आत पोचलात तर चार वेळा बघायचा चान्स मिळतो. आम्ही पहिल्या खेपेला एकच रात्र राहिलो, एक पिल्लू दिसलं नाही, लेक रडकुंडीला आली होती.

राहायचं मात्र गावातल्या घरातच, हे मी प्रत्येकाला सांगते. पूर्वी इथली अंडी माणसंच काढून न्यायची, उरलेली कोल्ह्या-कुत्र्यांच्या तोंडी जायची. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन अंडी कुंपणात हलवून राखायला सुरुवात केली, पुढे कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे घरोघरी उतरायला लागले आणि कासवं राखली तर घरात चार पैसे येतात हे लोकांना दिसलं. तुम्ही लांबच्या रिसॉर्टला राहून नुसते फोटो काढायला आलात तर गावाच्या हाती काय लागणार? घरं साधी आहेत, जमिनीवर गाद्या, बाथरूम सगळ्यांत मिळून. जेवण बहुतेक ठिकाणी शाकाहारी, आमटी-भात, सोलकढी, मोदक हवे असतील तर आधी सांगून ठेवा. माणसं मोजून स्वयंपाक होतो, त्यामुळे येणार नसाल तर वेळेत कळवा, आणि दरात घासाघीस नको प्लीज. रोख पैसे जवळ असू द्या.

पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, म्हसळा करत बागमांडला गाठा, तिथून फेरीबोटीत गाडी चढवून वेशवीला उतरायचं, मग बाणकोटवरून वेळास. शेवटची फेरी किती वाजता ते विचारूनच निघा, नाहीतर मंडणगडकडून मोठा वळसा पडतो.

किनाऱ्यावर दोरीच्या मागेच उभं राहायचं, फ्लॅश आणि टॉर्च बंद. पुढे पुढे करून वाळू तुडवू नका, आपल्या पावलाच्या खड्ड्यात ती एवढीशी पिल्लं अडकतात. कार्यकर्ते घरट्यावरची टोपली उचलतात तेव्हा लहान मुलांना पुढे बसवा. एखादं पिल्लू मध्येच थांबलं की सगळ्यांचे हात शिवशिवतात, कोणीतरी म्हणतंच की उचलून पाण्यात सोडूया, पण हात लावायचा नाही. ते दम खातं आणि परत निघतं, लाटेपर्यंत त्याचं त्याला चालू द्या.