ब्लॅक प्रिन्सवर तासाभराचे व्याख्यान कसे बांधावे

इंग्लंडचा युवराज एडवर्ड ऊर्फ ब्लॅक प्रिन्स याच्यावर गोव्यातील एखाद्या वाचनालयात बोलायचे ठरले, की क्रेसी, प्वातिए आणि नाहेरा हे तीन विजय ओळीने सांगत सुटण्याचा मोह होतो. तो आवरावा. तारखांची जंत्री श्रोत्यांच्या लक्षात राहत नाही आणि त्यात माणूसही दिसत नाही. त्याऐवजी प्रत्येक मोहिमेपाशी थांबून एकच प्रश्न विचारावा: हिचा खर्च कोणी सोसला?

आरंभ आपल्या मातीतून करता येतो. १५१० मध्ये अल्बुकर्कने गोवा जिंकले तेव्हा पोर्तुगालच्या गादीवर पहिला मानुएल होता आणि त्याच्या आजोबांची आई फिलिपा ही या युवराजाची सख्खी पुतणी होती. हा धागा दोन वाक्यांत सांगून सोडून द्यावा, कारण त्याहून जास्त ताणला तर तो तुटतो.

जन्म १५ जून १३३० रोजी वुडस्टॉक येथे झाला, वडील राजा तिसरा एडवर्ड, आई फिलिपा ऑफ एनो, एवढी माहिती पुरे. 'ब्लॅक प्रिन्स' या नावाचा खुलासा मात्र अवश्य करावा. हयातीत त्याला कोणी तसे म्हटल्याचा पुरावा नाही. हे नाव सोळाव्या शतकातील लेखनात भेटते. म्हणून काळ्या चिलखताची कथा सांगितलीच, तर ती कथा म्हणूनच सांगावी.

फ्रान्सविरुद्धच्या क्रेसीच्या रणात, २६ ऑगस्ट १३४६ रोजी, तो सोळा वर्षांचा होता. मुलाने स्वतःच्या बळावर नाव कमवावे म्हणून राजाने कुमक नाकारली, हा प्रसंग फ्रुआसार या इतिवृत्तकाराने रंगवला आहे. परंतु लढाईच्या वेळी फ्रुआसार स्वतः लहान मूल होता. आपण बखरी जशा पारखून वाचतो, तसेच त्यालाही वाचावे.

यानंतर १३५५ च्या स्वारीला भरपूर वेळ द्यावा. तिच्यासाठी आपल्याकडे 'मुलूखगिरी' हा नेमका शब्द आहे. नैर्ऋत्य फ्रान्समधील बोर्दोहून निघालेली युवराजाची फौज भूमध्य समुद्राजवळच्या नार्बनपर्यंत गेली आणि सुमारे दोन महिन्यांत परतली. वाटेत गावे जाळली, धान्य लुटले, कार्कासोनची खालची पेठ भस्मसात केली. फ्रेंच राजाला ज्या मुलखातून महसूल मिळतो तो मुलूखच उजाड करणे आणि आपला राजा आपले रक्षण करू शकत नाही हे रयतेला दाखवून देणे, असा त्यामागील हिशेब होता. येथे फळ्यावर नकाशा काढून बोर्दो ते नार्बन ही रेघ श्रोत्यांसमोरच ओढावी आणि त्या रेघेवरच्या शेतकऱ्याच्या बाजूने निदान पाच मिनिटे बोलावे.

१९ सप्टेंबर १३५६ रोजी प्वातिए येथे फ्रान्सचा राजा दुसरा जाँ कैद झाला आणि त्याच्या सुटकेसाठी पुढे ३० लाख सोन्याच्या एकू नाण्यांची खंडणी ठरली. येथपर्यंत युद्ध फायद्याचे वाटते. म्हणूनच पुढील वळण सावकाश उलगडावे. कास्तीलच्या पेद्रोला गादी परत मिळवून देण्यासाठी युवराज स्पेनमध्ये उतरला, ३ एप्रिल १३६७ रोजी नाहेरा येथे त्याने पूर्ण विजय मिळवला, पण पेद्रोने कबूल केलेला खर्च दिला नाही. सैन्यात रोगराई पसरली आणि युवराजाची प्रकृतीही कायमची ढासळली. रिकामा खजिना भरण्यासाठी १३६८ मध्ये त्याने नैर्ऋत्य फ्रान्समधील आपल्या अक्वितेन प्रांतात दर चुलीमागे कर बसवला, तेव्हा आर्मान्याक आणि आल्ब्रे येथील सरदारांनी फ्रान्सच्या राजाकडे दाद मागितली आणि १३६९ मध्ये युद्ध पुन्हा पेटले. माझ्या मते सगळ्या चरित्राचे मर्म या चुलीवरच्या करात आहे. प्वातिएपेक्षा येथे अधिक वेळ घालवावा.

१३७० मध्ये युवराजाच्या फौजेने लिमोज शहरात केलेल्या कत्तलीवर पांघरूण घालू नये आणि ती फुगवूही नये. तेव्हा युवराज पालखीतून फिरत होता. फ्रुआसार ३,००० मृतांचा आकडा देतो, तर स्थानिक नोंदीतील आकडा सुमारे ३०० आहे. दोन्ही आकडे सांगावेत.

शेवटी कँटरबरीच्या कॅथेड्रलमधील समाधीची छायाचित्रे दाखवावीत: मुलामा दिलेला, हात जोडलेला धातूचा पुतळा, आणि पूर्वी समाधीवर टांगलेला असे तो त्याचा मखमली अंगरखा, ज्यावर इंग्लंडचे सिंह आणि फ्रान्सची लिलीची फुले भरली होती आणि ज्याचा रंग आता विटला आहे. त्यानंतर फक्त तारखा वाचाव्यात. युवराज ८ जून १३७६ रोजी वारला, वडील पुढच्या वर्षी गेले आणि मुकुट युवराजाच्या दहा वर्षांच्या मुलाच्या, रिचर्डच्या, डोक्यावर आला.