भिशीतल्या ऑर्डरी चुकू नयेत म्हणून

डब्यांच्या पार्टीत, म्हणजे कुणाच्या तरी घरी बायका जमल्या की कॅटलॉग दाखवून डबे विकताना, ऑर्डर बिघडते ती लिहितानाच. संक्रांतीच्या हळदीकुंकवात एकीने "निळं झाकण" सांगितलं, मी तेवढंच लिहिलं. तिला फिकट निळं हवं होतं, आलं गडद. तो डबा आजही माझ्या फडताळात आहे, पोह्यांचा.

तेव्हापासून कार्बनची पावतीवही वापरते. एका बाईला एक पान: नाव, फ्लॅट नंबर, कॅटलॉगमधला कोड, माप, झाकणाचा रंग, नग, किंमत, आगाऊ किती, बाकी किती. मग सगळं मोठ्याने वाचून दाखवायचं. "अगं, दोन नाही, तीन!" हे तिथेच कळतं. सही घेऊन वरची प्रत तिच्या हातात द्या. थेट विक्रीच्या, म्हणजे दुकानाशिवाय अशा घरगुती विक्रीच्या, २०२१ च्या नियमांप्रमाणे ऑर्डर फॉर्म विक्रीच्या वेळी किंवा त्याआधी द्यावाच लागतो. माल परत करायच्या, बदलून घ्यायच्या अटीही तेव्हाच सांगा. त्या लपवणं मला मुळीच पटत नाही.

यूपीआयने पैसे आले तर पावतीवर तारीख टाका. रोख असेल तर समोर मोजा, जाऊबाई असली तरी.

खोकं आलं की जमिनीवर चादर पसरून नावानिशी पिशव्या लावते, पावती बाहेरून टाचते. यजमानीणबाईंची भेटवस्तू वेगळी. पोचवायला जाण्याआधी फोन करायचा, आणि दारात प्रत्येक झाकण लावून दाखवायचं. चिरलेलं निघालं तर तिथूनच फोटो काढून वितरकाला पाठवते.